डाव्या हाताची पकड

हिंदुराव वस्ताद माझ्या शाहूपुरीतल्या ऑफिसात आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. ती वजन पेलेल का, ही शंका रास्त होती. साठी उलटलेला माणूस, कुस्तीत चुरगळलेले कान, उजवा पाय किंचित फेकत चालायची ढब. त्यांच्यामागून त्यांची भाची आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने उजवा हात ओढणीखाली घेतला होता.

"वकीलबाई, हिचा हात बगा," वस्ताद म्हणाले. "दाव गं भैरे."

भैरवीने दाखवला नाही. मग त्यांनीच ओढणी बाजूला केली. मनगट आत वळलेलं, बोटं तळव्याकडे वाकून तिथेच थिजलेली. ती मूठ धड मिटत नव्हती, धड उघडत नव्हती. कोपराखालचा भाग वाळक्या फांदीसारखा बारीक झाला होता. तो हात सोडला तर मुलगी अस्सल पैलवान, भरलेले खांदे आणि ताठ मान. मी वैद्यकीय इजांचे खटले चालवते, आणि असलं काही बघून मला आताशा काही होत नाही असं सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे.

हकिगत वस्तादांनीच सांगितली. भैरवी साळोखे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर नुकती चालायला लागली होती, तेव्हापासून ती मामाकडेच. कागलच्या बाजूला त्यांचं गाव, आणि मारुतीच्या देवळामागे त्यांची तालीम. त्या पट्ट्यात मुलींना लाल मातीत उतरवणारे पहिले वस्ताद हेच. लोक हसले, नावं ठेवून मोकळे झाले, पण भैरवी कुस्त्या मारायला लागली तशी हसणाऱ्यांनीच आपल्या मुली आणून घातल्या. राज्य निवड चाचणीच्या तोंडावर सरावात ती हातावर पडली आणि कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. सोमवारी संध्याकाळी एका मोठ्या खासगी दवाखान्यात हाडं बसवून प्लास्टर घातलं आणि तिला ठेवून घेतलं. बुधवारी सकाळी बोटं काळीनिळी दिसली म्हणून प्लास्टर कापलं, तोवर आतले स्नायू मेले होते.

हा प्रकार नवा नाही. मोडलेला हात सुजतो. स्नायूंवर जे आवरण असतं ते ताणत नाही, वरून प्लास्टर घट्ट. सुजेला जागा मिळत नाही, मग ती आतल्या रक्तवाहिन्या दाबते आणि स्नायू घुसमटून मरतात. याची खूण एकच, वेदना. मोडलेल्या हाडाला शोभणार नाही इतकी भयंकर वेदना. डॉक्टरने रुग्णाची बोटं हलकेच सरळ करून पाहायची. माणूस किंचाळला, तर प्लास्टर तिथल्या तिथे फाडायचं. हात वाचतो.

"मंगळवारी दिसभर कुनी हाताला हात लावला न्हाई," वस्ताद म्हणाले. "आन् आता म्हनत्यात, पेशंटनं दुकतंय म्हनून सांगितलंच न्हाई. वकीलबाई, त्यो वेदनापट काडा. दुधाचं दूध हुन जाऊ दे."

"नको," भैरवी म्हणाली. ऑफिसात आल्यापासून तिचा हा पहिला शब्द.

वेदनापट येऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तो काय असतो हे मला पक्षकारांना रोज समजावावं लागतं. वस्तादांनाही समजावलं. आपल्या हातातला मज्जातंतू म्हणजे पेशीचा लांबलचक धागा. पेशी बसलेली असते मानेशी, मणक्याच्या कडेला, आणि धागा जातो थेट बोटांपर्यंत. धाग्याला लागणारा माल पेशीत तयार होतो आणि धाग्यातून हळूहळू खाली सरकत राहतो, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. पेशीवर वेदनेचा मारा झाला की ती एक वेगळं प्रथिन बनवते. मारा मोठा, तर प्रथिन जास्त. तेही त्याच संथ प्रवाहात पडतं आणि चालू लागतं. शेताच्या पाटात कुणी वरच्या अंगाला झेंडूचं फूल सोडलं आणि पाण्याचा वेग आपल्याला ठाऊक असला, तर फूल कुठवर आलं यावरून ते केव्हा सोडलं हे सांगता येतं. तसंच हे. शिरेतून एक चमकणारं औषध द्यायचं, हात यंत्रात ठेवायचा, की तंतूवर उजळलेले ठिपके दिसतात. संगणक त्यावरून रेघ काढून देतो. अमक्या दिवशी, अमक्या सुमाराला, इतकं दुखलं.

फूल पाटाच्या टोकाला पोहोचलं की संपलं. भैरवीचे तंतू कोपराखाली मेलेलेच होते, म्हणजे तिचं फूल कोपरापर्यंत पोहोचायच्या आत पट काढायला हवा होता. अपघाताला वर्ष होत आलं होतं.

हे यंत्र निघालं तेव्हा आम्हा वकिलांना वाटलं, आता दुखावलेल्या माणसाला कुणी खोटं पाडणार नाही. तसं झालंही. पण कायदा करणारे चार पावलं पुढचे. वेदना मोजता यायला लागली, तसं ती लपवणंही मोजता यायला लागलं. नवा कायदा म्हणतो की पट एक सांगत असेल आणि रुग्ण त्या वेळी दुसरंच सांगत असेल, तर मधला फरक ही रुग्णाची कसूर, आणि फरक फार मोठा असेल तर दावाच फेटाळायचा. अपवाद एकच, कुणी त्याला बोलण्यापासून रोखलं असेल तर. मग त्या रोखणाऱ्याचं नाव निकालात येतं आणि त्याला पुढे मुलं, रुग्ण, खेळाडू, कुणालाही हाताखाली घेता येत नाही. वसतिगृहांत आणि शिबिरांत पोरांची तोंडं दाबली जात होती, त्यावरून हे कलम आलं. हेतू चांगला होता.

दवाखान्यांनी यावर आपली तोड काढली. प्रत्येक खाटेशी एक पाटी बसवली. पाटीवर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत चेहरे. ती दर थोड्या वेळाने वाजते आणि विचारते, कसं वाटतंय? रुग्ण एक चेहरा दाबतो. रडक्या चेहऱ्यांच्या खाटा आधी तपासल्या जातात, हसऱ्यांकडे कुणी फिरकत नाही. नर्सबाईंचा वेळ वाचला आणि दवाखान्याकडे पुरावा आला. भैरवीच्या पाटीवर मंगळवारी सकाळपासून हसरा चेहराच दाबलेला होता.

"पाटीत घोळ केलाय त्यांनी," वस्ताद म्हणाले. "पट काडला की कळंल सगळ्यास्नी. घाबरतीस कशाला गं? खरं हाय ते खरं हाय."

भैरवी खाली मान घालून उभी राहिली. वस्तादांचा पारा चढत होता, आणि तो चढताना पाहून तिने नुसता जबडा आवळला. मी त्यांना म्हटलं, विचार करा आणि या.

आठवडा उलटायच्या आत ती एकटी आली. भर दुपारी, कपाळावर घाम, तालमीच्या मुलींसाठी सामान आणायचं निमित्त करून. मी पाणी दिलं. ते तिने डाव्या हाताने घेतलं आणि एका घोटात संपवलं.

"मी सांगतो तुम्हाला. पण मामाला कळता कामा नये." आमच्या कोल्हापूरकडच्या पोरी सांगतो, येतो असंच बोलतात.

"तुझ्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून काही जाणार नाही," मी म्हटलं.

"आमच्या तालमीत कण्हायचं नाही, मॅडम. सराव करताना कुणी 'आई गं' म्हटलं, की त्यानं खोरं घ्यायचं आणि अख्खा हौदा एकट्यानं उकरायचा. हौदा म्हणजे आमची लाल मातीची जागा हो. केवढी माती असते तुम्हाला काय सांगू. लहान होतो तेव्हा लई उकरलाय मी. मग सवय सुटली."

"कण्हायची?"

"हां."

तिने रिकामा ग्लास टेबलावर ठेवला.

"मंगळवारी सकाळी मामा पाव्हणे घेऊन आले मला बघायला. मोठे लोक होते, निवड समितीतले. तेव्हा माझ्या हातात असं होत होतं, की कुणीतरी आतून पिळतंय, कपडा पिळतात तसं. पाटी वाजली. मी रडक्या चेहऱ्याकडं बोट नेलं. मामा हसत पाव्हण्यांना म्हणाले, आमच्या पोरी रडक्याला हात बी लावत न्हाईत. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हसरा दाबला."

"आणि ते गेल्यावर?"

"एकदा हसरा दाबला ना मॅडम, की मग रडका दाबायला लाज वाटते. दिवसभर हसराच दाबला. संध्याकाळी दुखायचं थांबलं. एकदम थांबलं. हात आहे का नाही तेच कळंना. मला वाटलं," ती थांबली, "मला वाटलं, मी जिंकलो."

संध्याकाळी वेदना थांबली ती तंतू मरायला लागले म्हणून. हे तिला आता ठाऊक होतं आणि मलाही. मी फाईल चाळल्यासारखं केलं, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

मग मी माझं काम केलं. तिला स्पष्ट सांगितलं, की पट न काढता लढलीस तर पाटीवरचे हसरे चेहरे तुला हरवतील. पट काढलास तर तो म्हणेल, वेदना डोंगराएवढी होती, मग सांगितली का नाहीस? तेव्हा तुला कारण द्यावं लागेल. खरं कारण दिलंस तर तू पुरती जिंकशील. फक्त मामांचं नाव निकालात येईल.

"आणि तालीम?"

"त्यांना शिकवता येणार नाही. कुणालाच."

ती उठली. "माझा हात गेलाय, मॅडम. आता त्यांचा पण तोडू का?"

केस तिथेच संपली असती. पण वस्ताद म्हणजे वस्ताद. भाची पट काढत नाही म्हटल्यावर त्यांनी दवाखान्याच्या फाटकासमोर सतरंजी अंथरली आणि अन्न सोडून बसले. साखरेचा आजार असलेला माणूस, डोक्यावर ऊन. गावाकडची माणसं गोळा झाली, फलक लागले, 'भैरवीला न्याय द्या'. दवाखान्यातल्या रखवालदाराला त्यांची दया आली, तो छत्री घेऊन आला, ती वस्तादांनी नाकारली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना भोवळ आली. भैरवीने त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि तिथूनच मला फोन केला.

"काढा तो पट," ती म्हणाली. "पण कारण मी सांगेन ते."

"काय सांगशील?"

"माझी चूक."

"शपथेवर खोटं बोलशील?"

"खोटं कुठं? बोट माझंच होतं."

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. पण खरं सांगायचं तर जास्त राग आला तो कायद्याचा. ज्याने तोंड दाबलं त्याला शोधायला निघालेला हा कायदा, आणि इथे तोंड दाबणाऱ्यानेच या पोरीला पंखाखाली घेतलं होतं. तालीम दिली होती, गावाशी भांडून मातीत उतरवलं होतं. माया आणि तोंड दाबणं एकाच माणसाकडून आलं असेल तर काय करायचं, हे कलमात लिहिलेलं नाही.

पट निघाला. ठिपके कोपराच्या जरा वर होते, अजून थोडे दिवस गेले असते तर काहीच मिळालं नसतं. मी रेघ पाहिली आणि फाईल बंद केली. मी वस्तादांना सुनावणीला येऊ नका म्हणून सांगून पाहिलं. म्हटलं, ताण नको, तब्येत बरी नाही. ते म्हणाले, "वकीलबाई, भाचीची कुस्ती हाय. मी आखाड्याच्या भाईर बसू व्हय?"

वैद्यकीय इजा न्यायाधिकरणाचं कोल्हापूरचं दालन काही भव्य नाही. जुन्या सरकारी इमारतीचा वरचा मजला, चार पंखे, समोर एक मोठा पडदा. वस्ताद लाल फेटा बांधून पहिल्या बाकावर बसले होते. अध्यक्षा देशभ्रतार बाई मितभाषी आणि दवाखान्याचे वकील नाईकनवरे अतिशय सभ्य. सभ्य वकिलाची मला नेहमी जास्त भीती वाटते.

तज्ज्ञ डॉक्टरांनी पडद्यावर रेघ दाखवली. सोमवारी संध्याकाळी ती मध्यम होती, मोडलेल्या हाडाची असते तशी. मग चढायला लागली. मंगळवारी सकाळी ती इतकी वर गेली, की डॉक्टरांनी पडद्याचं माप बदललं तेव्हा कुठे तिचं टोक दिसलं. "माझ्या पाहण्यात जळालेल्या रुग्णांची रेघ इथवर जाते," ते म्हणाले. दुपारभर ती वरच होती. संध्याकाळी खाली कोसळली आणि शून्यावर आडवी झाली.

वस्तादांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. बगा, मी म्हटलं हुतं ना, असा त्याचा अर्थ. चेहऱ्यावर विजय होता. मला तिकडे बघवेना.

नाईकनवऱ्यांनी उठून त्याच रेघेखाली पाटीवरचे चेहरे लावले. मंगळवार सकाळ, रेघ माथ्यावर आणि तिच्याखाली हसरा चेहरा. दुपारी रेघ तशीच, चेहराही तसाच.

"भैरवीताई," ते म्हणाले, "आमची पाटी खोटी होती असं आपलं म्हणणं आहे का?"

"नाही. मीच दाबला."

"एवढं दुखत असताना?"

"हो."

"का?"

"माझी चूक झाली. मला वाटलं, कमी होईल."

"कुणी रोखलं होतं? कुणी काही बोललं?"

भैरवीने एकदाही पहिल्या बाकाकडे पाहिलं नाही. "नाही. कुणी नाही."

नाईकनवरे अध्यक्षांना किंचित झुकून म्हणाले, "माझे प्रश्न संपले." त्यांचं काम झालं होतं. मी उठले, पण विचारायला माझ्याकडे काही नव्हतं. जे विचारायचं होतं ते न विचारण्याचा शब्द मी दिला होता. देशभ्रतार बाईंनी लेखणी उचलली.

"बाईसाहेब," मागून आवाज आला. "त्या रेघंचं टोक कुठल्या टायमाचं हाय?"

वस्ताद उभे राहिले होते. अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. बहुधा त्यांच्या चेहऱ्यामुळे. त्यावरचा विजय पार पुसला होता.

तज्ज्ञ डॉक्टर म्हणाले, "मंगळवार सकाळ. साधारण भेटीच्या वेळेत."

"मी तितंच हुतो," वस्ताद म्हणाले.

"मामा, बसा खाली," भैरवी म्हणाली.

"मी तितंच हुतो, बाईसाहेब. पावनं हुतं बरोबर. तिनं रडक्याकडं बोट न्हेलं हुतं. मी बगितलं. मला वाटलं, पावण्यांफुडं लाज जाती का काय. मी बोललो कायतरी, सगळी हासली. मग तिनं हासरा दाबला." त्यांनी आपला उजवा पंजा वर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "मग तिनं डाव्या हातानं माजा हात धरला. असा आवळला, की माजी बोटं पांढरी पडली. मी पावण्यास्नी दावलं. म्हटलं, बगा, एक हात मोडलाय तरी पोरीची पकड बगा. लई वर्सं मी ह्या हातानं पोरांच्या पकडी तपासतोय. ती पकड न्हवती, बाईसाहेब. ती वरडत हुती. हातानं वरडत हुती, कारन तोंडानं वरडायचं मीच शिकीवलं न्हाई."

देशभ्रतार बाईंनी चष्मा काढला. "वस्ताद, तुम्ही हे शपथेवर सांगितलंत तर पुढे काय होतं, ते तुमच्या वकिलांनी सांगितलंय का?"

"न्हाई. तुमी सांगा."

बाईंनी शांतपणे सांगितलं. नाव निकालात येईल. तालमीत शिकवता येणार नाही, मुलांना नाही, मुलींना नाही, यापुढे कधीच नाही. वस्तादांनी सगळं ऐकलं. भैरवीने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, नको, नको. लहानपणी ती हौद्याच्या कडेला उभी राहून अशीच मान हलवत असेल.

"लिवा," वस्ताद म्हणाले.

निकाल आमच्या बाजूने लागला. पाटीवरच्या चेहऱ्यावर विसंबून मोडलेल्या हाताला हात न लावणं हा सरळसरळ हलगर्जीपणा आहे, रुग्ण हसला म्हणून डॉक्टरांचं कर्तव्य संपत नाही, बोटं सरळ करून बघायला कुणाला क्षणभरही लागलं नसतं, असं देशभ्रतार बाईंनी लिहिलं. भैरवीची कसूर शून्य. पुढच्या परिच्छेदात हिंदुराव चौगुले यांचं नाव. त्या निकालानंतर दवाखान्यांनी पाट्या काढून टाकल्या असं नाही, पण नर्सबाई पुन्हा खाटेपाशी यायला लागल्या, एवढं खरं. वकील म्हणून माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा विजय. मी पेढे वाटले नाहीत.

भैरवी मामांशी बोलेना. मला वाटलं होतं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. उलट झालं. "मी धरून ठेवलं होतं, त्यांनी सोडून दिलं," एवढंच ती मला फोनवर म्हणाली. एका घरात दोघं, स्वयंपाक ती एका हाताने करायची, ताट वाढून निघून जायची. तालमीला कुलूप होतं. गावात चर्चा झाली की भाचीने मामाला धुळीला मिळवलं. कुणी म्हणालं, मामानेच भाचीला धुळीला मिळवलं. गावाला दोन्ही बोलायला आवडतं.

पावसाळा संपल्यावर एक दिवस तिचा निरोप आला, तालीम उघडतोय, या. मी गेले. संध्याकाळची वेळ होती. हौद्यात नवी माती टाकलेली, ताक आणि हळद घालून मुरवलेली, तिचा वास बाहेरपर्यंत येत होता. कडेला मुली उभ्या होत्या, आणि मध्ये, जिथे वस्ताद उभे राहायचे तिथे, भैरवी. प्रशिक्षक म्हणून नोंदणी आता तिच्या नावावर होती. उजवा हात तिने झाकलेला नव्हता.

एक मुलगी पडली, उठली आणि ओठ चावून पुन्हा उभी राहिली.

"कुठं लागलं?" भैरवीने विचारलं.

"न्हाई लागलं, ताई."

"खोरं घे."

मुलगी गोंधळली. बाकीच्या हसल्या नाहीत, त्यांना नवा नियम ठाऊक असावा. दुखतंय म्हणणाऱ्याने आता हौदा उकरायचा नव्हता. दुखत असून नाही म्हणेल त्याने उकरायचा. मुलीने खांद्याला हात लावला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हितं लागलंय." भैरवीने डाव्या हाताने तो खांदा चाचपला, हात वर करून पाहिला आणि तिला बाजूला बसवलं. खोरं भिंतीलाच राहिलं.

वस्ताद बाहेर, देवळाच्या पायरीवर बसले होते. दाराच्या आत येत नव्हते. कायद्याने त्यांना शिकवायला बंदी होती, आत यायला नव्हती, पण त्यांनी तेवढंही स्वतःवर घालून घेतलं होतं. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

सराव संपला, मुली गेल्या. भैरवी दारात आली. बऱ्याच महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली.

"मामा, तो पाय दुखतोय का तुमचा?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले. सवयीने, विचार न करता.

भैरवी आत गेली, भिंतीला टेकवलेलं खोरं घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरलं. वस्तादांनी खोऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता ते चिडणार. त्यांचा जबडा आवळला गेला, भैरवीचा ऑफिसात आवळला गेला होता तसाच. मग हळूच सैल पडला.

"गुडगा," ते म्हणाले. "लई दुकतोय, पोरी."

"कधीपासून?"

"तू आमच्याकडं आलीस, त्याच्या आधीपास्नं."

तिने खोरं पायरीला टेकवून ठेवलं. मग खाली बसली आणि डाव्या हाताने त्यांचं धोतर गुडघ्याच्या वर केलं.

"कुठं दुखतंय ते दाखवा," ती म्हणाली.